पाण्याला हात लावला नाही

रकाना सात. प्रशिक्षणाचा प्रत्यक्ष परिणाम. (माजी प्रशिक्षणार्थीचे एक पत्र जोडावे. पत्र दीड पानापेक्षा मोठे नसावे.)

पत्र दोन पानांचं होतं, म्हणून ते आरोपीच्या टेबलावर आलं.

आरोपी म्हणजे संस्थेचा स्टोअरकीपर. तपास अधिकाऱ्यांना चौकशी कशी करावी हे शिकवणारी ती संस्था. खुर्च्या, गणवेश, खडू, पंख्यांची पाती, असं सगळं सांभाळायचं हे त्याचं कागदावरचं काम. आणि गेली चौदा वर्षं प्रत्येक तुकडीसमोर खोटा आरोपी होऊन बसायचं, हे खरं काम. त्याचं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. कॅन्टीनवाला आत ओरडून सांगायचा, "आरोपीला एक चहा, साखर कमी." एकदा बायको त्याचा विसरलेला चष्मा द्यायला आली आणि फाटकावर म्हणाली, "आरोपी आहेत का आत?" मग स्वतःच चपापली आणि घरी जाईपर्यंत हसत राहिली.

पुरस्काराचा अर्ज भरायचा होता. न्यायाच्या आणि समाजाच्या क्षेत्रात नेतृत्व करणाऱ्यांना आणि प्रशिक्षण देणाऱ्यांना मिळतो तो पुरस्कार. संस्थेत चौकशी शिकवणाऱ्या मॅडमचं नाव शेवटच्या तिघांत होतं. दोन दिवसांनी निवड समिती प्रत्यक्ष बघायला येणार होती. मॅडम म्हणाल्या होत्या, "पत्र अर्ध्या पानाने कमी करून टाइप करा, तुम्हाला शब्द कळतात." म्हणून तो कात्री लावायला बसला.

पत्र एका फौजदाराचं होतं. त्याच्या तुकडीने त्याला नाव ठेवलं होतं दहापैकी दहा, कारण प्रत्येकाला आरोपीसमोर दहा पाळ्या मिळायच्या आणि दहाही वेळा ज्याचा निकाल बरोबर आला असा तो एकटाच. पहिला परिच्छेद नुसत्या कौतुकाचा. तो आरोपीने काढून टाकला. दुसरा मॅडमच्या स्वभावाविषयी. त्यातली चार विशेषणं उडवली. तिसऱ्यावर आला.

"गोदामाला आग लागली तेव्हा आपण घरी झोपलो होतो, असं तिथला रखवालदार सांगत होता. साक्षीदार नव्हता. मी मॅडमनी शिकवल्याप्रमाणे आवाज न चढवता, त्याच्या तोंडात शब्द न घालता अडीच तास बोललो. समोर पाण्याचा पेला ठेवला होता. त्याने पाण्याला हात लावला नाही. मी तेव्हाच ओळखलं. संस्थेत हेच पाहिलं होतं. त्यानंतर माझा तपास एकाच दिशेने झाला आणि दुवे जुळत गेले. रखवालदाराला सात वर्षांची शिक्षा लागली. त्याला आता दोन वर्षं होतील."

आरोपीने टाइप केलं, त्याने पाण्याला हात लावला नाही.

खोडलं.

पुन्हा टाइप केलं. हे वाक्य काढून टाकलं तर पत्र नेमकं दीड पानात बसत होतं. त्याने ते काढलं. परत घातलं. मग उठून खिडकीपाशी गेला, खिडकी उघडीच होती, ती बंद केली, पुन्हा उघडली, आणि गणवेशांचे गठ्ठे मोजायला लागला. ते त्याने सकाळीच मोजले होते.

रकाना तीन. पद्धतीची सुरुवात कशी झाली? (शंभर शब्दांत.)

मॅडमनी लिहिलं होतं: प्रत्येक पाळीआधी मी एक चिठ्ठी दोन पाकिटांत घालते. तीत एक गुन्हा आणि एक शब्द असतो, दोषी किंवा निर्दोष. एक पाकीट आरोपीकडे, एक माझ्याकडे. प्रशिक्षणार्थीला चाळीस मिनिटं मिळतात. मारायचं नाही, ओरडायचं नाही, आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट त्याच्या तोंडून वदवायची नाही. शेवटी निकाल सांगायचा. मग मी पाकीट उघडते. दहात आठ निकाल बरोबर येतात. पूर्वी हे प्रमाण दहात पाच होतं, म्हणजे नाणं उडवल्यासारखं.

शंभर शब्द तिथे संपत होते. संपले नसते तरी पुढचं त्यांना लिहिता आलं नसतं, कारण ते त्यांना माहीत नव्हतं.

पहिल्या वर्षाची गोष्ट. चिठ्ठी होती निर्दोष. गुन्हा असा की दवाखान्यात झोपलेल्या म्हातारीच्या बोटातली अंगठी गेली. एकामागून एक सहा जण आले आणि सहाही जणांनी सांगितलं, दोषी. खेळच होता तो. पण आरोपी घरी गेला आणि बायकोसमोर त्याने सगळे खिसे टेबलावर उलटे केले. "बघ, काही नाही." ती म्हणाली, "कशाचं काही नाही?" त्याने खिसे पुन्हा आत ढकलले.

दुसऱ्या दिवशी सातवी पाळी एका मुलीची होती. चिठ्ठी तीच. भीतीने त्याच्या घशाला कोरड पडली होती. त्याने समोरचा पेला उचलून एका दमात संपवला आणि पुन्हा भरून घेतला. मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, निर्दोष. आरोपीला इतकं मोकळं वाटलं की स्टोअरमध्ये जाऊन त्याने दार लावून घेतलं आणि दोन मिनिटं नुसता उभा राहिला.

तेव्हापासून निर्दोष असला की तो पाणी प्यायचा. दोषी असला की शिवायचा नाही, कारण मग ते बरोबर झालं नसतं. ठरवून केलं असं नाही. न ठरवता केलं असंही नाही. हळूहळू निकाल सुधारत गेले. दहात सहा, सात, मग आठ. पोरांना वाटलं आपल्याला माणसं वाचता यायला लागली. मॅडमना वाटलं पद्धत लागू पडली. त्यांनी पुस्तिका लिहिली, पान एक्केचाळीसवर 'पाणी' असा मथळाच घातला आणि खाली चार ओळींचं कारण दिलं: अपराधी माणूस आपली गरज दाखवायला घाबरतो. कारण इतकं पटण्यासारखं होतं की आरोपीलाही पटलं.

आणि एक गोष्ट अर्जात कुठेच नव्हती. मॅडम यायच्या आधी त्याच खोलीत भिंतीला पट्टा टांगलेला असायचा. त्या काळचे दोन उस्ताद अजून संस्थेत होते, परेड शिकवायचे. मॅडमच्या पद्धतीला ते 'चहापाण्याचा तपास' म्हणायचे आणि ती कधी तोंडघशी पडते याची वाट बघत व्हरांड्यात बसायचे. पट्ट्याचा खिळा अजून भिंतीत होता.

घरी.

"तुम्ही आधी बसा तरी," बायको म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तो दारापासून खिडकीपर्यंत जाऊन परत येत होता.

"बसूनच तर झालं हे सगळं."

"मग उभे राहा. पण एका जागी."

तो एका जागी उभा राहिला. अर्धं मिनिट.

"त्याला तहान नसेल गं."

"कोणाला?"

"रखवालदाराला. अपराध नाही, भीती नाही, काही नाही. नुसती तहान नसेल. कुणी सांगावं, यायच्या आधी पिऊन आला असेल."

तिने उशीचा अभ्रा खाली ठेवला. त्याने सगळं सांगितलं. ती मधे एकदाच बोलली, "म्हणजे त्या दिवशीचे खिसे ते," आणि पुन्हा ऐकत राहिली.

"त्यानेच आग लावली असली तर?" सगळं झाल्यावर तिने विचारलं.

"असेलही. मला काय माहीत? मुद्दा तोच आहे. त्या फौजदारालाही माहीत नाही, आणि त्याला वाटतंय आपल्याला माहीत आहे."

"सांगितलंत तर नोकरी जाईल?"

"माझी जाईल बहुतेक. मॅडमचा पुरस्कार जाईल. त्यांची पद्धत जाईल. ते दोन म्हातारे पट्टा घेऊन परत येतील."

"आणि नाही सांगितलंत तर?"

"पुरस्कार मिळालेली पुस्तिका सगळ्या संस्थांत लावणार आहेत."

ती म्हणाली, "चौदा वर्षं मला सांगत होतात की आज आठ जणांनी बरोबर ओळखलं, आज नऊ. मी शेजारणींना सांगायचे. ह्यांच्या समोर बसलेलं पोर हुशार होऊनच उठतं म्हणून." तिने अभ्रा पुन्हा उचलला. "उद्या सकाळीच जा. इथे फेऱ्या मारून माझी फरशी झिजवू नका."

रकाना पाच. काही अडचणी आल्या का? (नसल्यास 'नाही' लिहावे.)

"पान एक्केचाळीस माझ्यामुळे आहे," आरोपी म्हणाला.

मॅडम भिंतीवर तक्ता लावत होत्या. दहात पाचपासून दहात आठपर्यंत चढत जाणारी रेघ. "तुमच्यामुळे पुष्कळ काही आहे. ही टाचणी धरा जरा."

त्याने टाचणी धरली आणि सांगितलं. वाटेत सायकलवर त्याने मनातल्या मनात चार वेळा सांगून बघितलं होतं, तेव्हा नीट जमलं होतं. आता शेवट आधी आला, सुरुवात मधे आली आणि अंगठी तर राहूनच गेली.

मॅडमनी ऐकून घेतलं. ऐकण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग विचारलं, "हे तुम्ही आधी कधी कोणाला सांगितलं होतं?"

"नाही."

"पत्र वाचल्यावर आठवलं."

"आठवलं नाही. माहीत होतं."

"हं." त्यांनी टाचणी घेतली. "आपण वर्गात काय शिकवतो? माणसाला अपराधी वाटायला लागलं की तो मागचं सगळं त्या रंगात बघतो. तुम्ही पाणी प्यायलात, हे खरं. पण इशारा म्हणून प्यायलात, हे तुम्हाला आज वाटतंय."

"मॅडम, मी दोषी असताना चौदा वर्षांत एक घोट घेतलेला नाही."

"आणि तुमच्याइतका सराईत खोटं बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही," त्या हसून म्हणाल्या. हसू चांगलं होतं, आपुलकीचं. "समितीचं तुम्हाला दडपण आलंय. मलाही आलंय. काल मी घराला कुलूप लावायला विसरले. परवा बोलू आपण, शांतपणे."

"परवा तो आतच असेल."

"उद्याही आतच असेल. आजही आहे." बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं असावं. त्यांनी तक्त्याकडे तोंड फिरवलं आणि आधीच सरळ लागलेला तक्ता सरळ केला.

रकाना पाचमध्ये 'नाही' लिहिलेलं होतं. आरोपीनेच टाइप केलं होतं.

प्रात्यक्षिक. (समितीसमोर, एक पाळी.)

समितीत तिघं होते. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, ऐकायला थोडे कमी, म्हणून सगळ्यांत पुढे बसलेले. प्रश्न विचारायला खास दहापैकी दहाला बोलावलं होतं. तो आता अंगाने भरला होता. आल्या आल्या त्याने आरोपीच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, अजून तुम्हीच? जन्मठेप झाली म्हणायची तुम्हाला."

आरोपीने पाकीट उघडलं. दवाखान्यातून औषधांची पेटी गेली. निर्दोष.

तो खुर्चीत बसला. पेला समोर होता, काठोकाठ भरलेला.

पहिली दहा मिनिटं सोपी गेली. फौजदार खरंच चांगलं विचारायचा. "त्या दिवशीचं तुमच्या शब्दांत सांगा" म्हणायचा आणि गप्प राहायचा. आरोपी सांगत गेला. चिठ्ठीत होतं ते, एकही शब्द खोटा नाही. पंधराव्या मिनिटाला घसा सुकला. विसाव्याला जीभ टाळूला चिकटायला लागली. त्याने हात मांड्यांखाली घातले, मग तेही बरं दिसेना म्हणून बाहेर काढून गुडघ्यांवर ठेवले. उजवा पाय हलायला लागला. त्याने तो थांबवला, तर डावा सुरू झाला. फौजदाराची नजर एकदा पेल्याकडे गेली आणि परत आली. आरोपीला ती नजर ओळखीची होती. ती त्यानेच शिकवली होती.

रखवालदार अडीच तास बसला होता. हे जेमतेम चाळीस मिनिटांचं होतं.

"दोषी," फौजदार समितीकडे वळून म्हणाला. "त्यांची गोष्ट सुसंगत आहे, मान्य. पण घसा कोरडा पडला होता, आवाज बसत होता, समोर पाणी होतं आणि त्यांनी हात लावला नाही. आपली गरज दाखवायची भीती. पुस्तिकेत पान एक्केचाळीस."

मॅडमनी आपलं पाकीट उघडलं. चिठ्ठी वाचली. त्या क्षणी खोलीत ती चिठ्ठी फक्त त्यांनाच दिसत होती आणि दुसरी आरोपीच्या खिशात होती. त्यांनी आरोपीकडे बघितलं नाही.

"निर्दोष," त्या म्हणाल्या.

आरोपीने श्वास सोडला. आता कोसळेल सगळं, त्याला वाटलं. आता तरी कोणी विचारेल.

अध्यक्ष मनापासून हसले. "वा. हे उत्तम झालं. सगळंच बरोबर आलं असतं तर मला शंका आली असती. दहातले दोन चुकतात म्हणता ना, त्यातला एक आज आम्हाला दाखवलात. प्रामाणिकपणा आवडला."

बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. कोणीतरी वहीत काहीतरी लिहिलं, आणि ते चांगलंच असणार. खुर्च्या सरकल्या. चहा शेजारच्या खोलीत होता.

आरोपी उठला नाही.

"चला काका, सेशन संपलं," फौजदार म्हणाला. "हरवलंत आज मला."

"मला जबाब द्यायचाय."

"झाला की देऊन."

"तो दवाखान्यातल्या पेटीचा. हा गोदामाचा आहे."

फौजदाराचा हात दाराच्या मुठीवर राहिला. शेजारून कपांचा आवाज येत होता आणि अध्यक्ष कोणाला तरी मोठ्याने विचारत होते की जिना किती पायऱ्यांचा आहे. मॅडम दारात उभ्या होत्या, एक पाय तिकडे, एक इकडे. त्यांनी तिकडच्या खोलीकडे बघितलं. तिथे सगळे त्यांचीच वाट बघत होते. मग त्या आत आल्या, दार लावलं आणि फौजदाराच्या खुर्चीत बसल्या. तो उभाच राहिला.

जबाब. (रकाना नाही.)

तुम्ही कोण?

स्टोअरकीपर.

काय सांगायचंय ते तुमच्या शब्दांत सांगा.

(सांगितलं. या वेळी अंगठीपासून, क्रमाने. मॅडमनी मधे एकही शब्द घातला नाही.)

तुम्ही हे का केलंत?

मला दोषी म्हटलेलं सहन झालं नाही. खेळात सुद्धा.

कोणाला फायदा व्हावा म्हणून?

माझाच. नंतर पोरांचा, असं मी म्हणायचो. पोरं खूश होऊन जायची.

(इथे फौजदार म्हणाला, "काका, मी तुमच्याकडे बघून शिकलो नाही. मला ते कळायचं." मॅडमनी त्याला हाताने थांबवलं.)

काल मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. आज तुम्ही खरं बोलताय हे मी कशावरून ओळखायचं?

ओळखता येणार नाही, मॅडम. तेवढंच सांगायला बसलोय.

मॅडमचं पेन थांबलं.

मग त्यांनी विचारलं, "तपासता येईल का?"

हा प्रश्न आरोपीला अपेक्षित नव्हता. तो पहिल्यांदा नीट बसला. "येईल. प्रत्येक पाळीचं चित्रीकरण स्टोअरमध्ये आहे. आधीच्या टेपा, नंतरच्या डिस्क. तुकडीप्रमाणे लावलेल्या आहेत. आणि तुमच्याकडे चिठ्ठ्यांची नोंद आहे. दोन्ही शेजारी ठेवायचं. माझ्या तोंडाकडे बघायची गरजच नाही."

दारावर टकटक झाली. "मॅडम, अध्यक्ष निघायचं म्हणतायत, त्यांना तुमच्याशी दोन शब्द..."

"त्यांना सांगा, पाचव्या रकान्यात चूक आहे," मॅडम म्हणाल्या. "अर्ज परत द्या म्हणावं. नाहीतर थांबा थोडं, मीच येऊन सांगते." पण त्या उठल्या नाहीत.

टेपा स्टोअरमध्येच लावल्या, खडूच्या खोक्यांवर यंत्र ठेवून. मॅडमनी कागदावर मधोमध रेघ मारली आणि नोंदवही मांडीवर घेतली. ठरलं असं की टेप बघणाऱ्याने चिठ्ठी बघायची नाही. बघायला फौजदार बसला. स्वतः होऊन बसला, जरा चिडून. त्याला वाटत होतं की हे मोडीत काढायला दहा मिनिटं पुरतील.

कुठलीही टेप, मधूनच. "प्यायला," तो म्हणायचा. मॅडम वहीत बघून खूण करायच्या. "नाही प्यायला." खूण. "प्यायला. दोन पेले." खूण. आवाज बंद होता. पडद्यावरचा आरोपी तोंड हलवत होता, कधी चौदा वर्षांनी लहान, कधी गेल्या वर्षीचा, आणि खरा आरोपी कपाटापाशी उभा राहून पुढची टेप हातात तयार ठेवत होता. व्हरांड्यातून उस्तादांपैकी एक डोकावला. "काय, सिनेमा चाललाय?" उत्तराची वाट न बघता तो दुसऱ्याला सांगायला गेला. आता दुपारपर्यंत संस्थाभर होणार हे तिघांनाही कळलं. मॅडमनी फक्त चष्मा पुसला.

अकराव्या टेपेला फौजदार म्हणाला, "नाही प्यायला," आणि मग, "दाखवा ती वही."

मॅडमनी वही दिली. त्याने बोट ठेवून एकेक ओळ खाली नेली. अकरापैकी अकरा. बोट शेवटच्या ओळीवरच राहिलं.

"त्याची बायको यायची चौकीवर," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही. "सांगायची, घरी होते, घरी होते. मी म्हटलं, बायको म्हणणारच."

तो उठला आणि फोन घेऊन व्हरांड्यात गेला. स्टोअरचं दार उघडंच होतं. त्याने कुठलातरी नंबर लावला, थांबला, दुसरा लावला. गोदामाच्या प्रकरणातल्या रखवालदाराचे वकील कोण होते, एवढंच त्याला हवं होतं. पलीकडून बरेच प्रश्न आले असावेत. तो कठड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होता, परत येत होता. "हो, प्रकरण बंद झालंय, माहीत आहे," तो म्हणत होता. "नाही, तक्रार नाही. नाही, नातेवाईक नाही." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. मग, "मीच तपास केला होता."

त्यानंतर पलीकडचं माणूस काहीतरी विचारत राहिलं आणि तो एकाच जागी उभा राहून उत्तर देत राहिला, आवाज न चढवता.

"पुढची लावा," मॅडम आत म्हणाल्या. "आता मी बघते. वही तुम्ही धरा."

"सगळ्या?" आरोपीने विचारलं. "तीन हजारांवर आहेत."

मॅडमनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. आरोपीने टेप आत सारली आणि वही उघडून त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला.